दोन धर्म, एक संसार

पतिपत्नींची मते जुळली म्हणजेच संसार सुखाचा होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे, की मते न जुळताही ज्यांचा संसार टिकला, इतकेच नव्हे तर वृद्धिंगत झाला, अशांच्या चरित्राकडे आपण पुरेशा जिज्ञासेने पाहतच नाही. कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई हे असे दांपत्य होय.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेल्या लक्ष्मीबाईंचे सारे विश्व दुभंगले. नवरा हयात असून परका, अशा अवस्थेत आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने त्यांनी पुढची काही वर्षे काढली. पत्नीच्या संमतीवाचून एवढे पाऊल उचलणाऱ्या टिळकांना या यातनांच्या जबाबदारीतून मुक्त करता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्यानंतरचे त्यांचे वर्तन मात्र खरोखर विचार करण्याजोगे आहे.

त्या काळी 1866 चा एक कायदा अमलात होता. धर्मांतर केलेल्या मनुष्याचा जोडीदार केवळ त्या कारणास्तव सहवास नाकारू लागल्यास, अदालतीत अर्ज करून व ठरावीक मुदत लोटल्यावर विवाहबंधन रद्द करून घेण्याची मुभा त्यात होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, आणि ती वाचण्याइतकी अक्षरविद्या लक्ष्मीबाईंना त्यांनीच लग्नानंतर शिकवली होती.

पुढे लक्ष्मीबाई नगर जिल्ह्यात त्यांच्याजवळ राहावयास आल्या, त्या स्वधर्म सोडून नव्हे, तर आपले सोवळे सांभाळूनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. आणि ज्याने जातिबंधन झुगारण्यासाठी सर्वस्व पणाला लावले, त्या पुरुषाने स्वतःच्याच संसारात ही वेगळी चूल चालू दिली. पत्नीवरचा हा विश्वास सामान्य नव्हे. आपले म्हणणे सत्य आहे अशी ज्याची निष्ठा असते, त्याला दुसऱ्याच्या बुद्धीला अवधी देणे सर्वांत कठीण जाते, कारण विलंब त्याला सत्याचाच अवमान वाटतो. टिळकांसारख्या शीघ्रकोपी माणसाला तर हा संयम किती जड गेला असेल! लक्ष्मीबाईही मुकाट्याने सोसणाऱ्यांपैकी नव्हत्या. जे पटत नसे ते त्या तोंडावर बोलत, भांडत, आणि भांडण संपल्यावर पुन्हा बोलत. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे निर्मळपणे आले आहे. मनात काही दडवून ठेवलेले नसल्यामुळेच त्या घरात मतभेदाला वैराचे रूप आले नाही.

अखेर जातिभेद ईश्वराने निर्मिलेला नसून माणसाने निर्मिलेला आहे, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने केला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या ख्रिस्ती झाल्या नसत्या, तरीही या सहजीवनाचे मोल माझ्या लेखी रेसभर कमी झाले नसते, कारण ते दोघांचे एकमत होण्यापूर्वीच सिद्ध झाले होते.

1919 साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचा उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला.