‘मुलांसाठी योग्य’ : एका श्रेणीचा अर्थविचार

‘हा चित्रपट मुलांसाठी योग्य आहे काय?’ हा प्रश्न वरवर सरळ वाटतो. परंतु ‘योग्य’ हे विशेषण स्वभावतःच सापेक्ष आहे. कोणाला, कशाच्या दृष्टीने आणि कोणत्या काळी योग्य, ही पदे अध्याहृत राहिली, तर विधानाला निश्चित अर्थ उरत नाही. जुन्या साहसपटांच्या बाबतीत ही संदिग्धता विशेष जाणवते. कारण चित्रपट तोच राहतो, त्याला लावलेल्या श्रेणीचा अर्थ मात्र पालटतो.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९८४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ हा चित्रपट याचे बोलके उदाहरण होय. अमेरिकेत तो ‘पीजी’, म्हणजे पालकांचे मार्गदर्शन इष्ट, या श्रेणीत प्रदर्शित झाला. त्यातील नरबळीच्या प्रसंगी जिवंत माणसाचे हृदय हाताने उपटून काढलेले पाहून अनेक पालक संतप्त झाले. ‘पीजी’च्या वरची श्रेणी ‘आर’ ही होती. तीत सतरा वर्षांखालील प्रेक्षकासोबत पालक किंवा अन्य प्रौढ असणे आवश्यक असे. या दोहोंमध्ये पायरी नव्हती. ती असावी, असे स्पीलबर्ग यांनीच सुचविले आणि १ जुलै १९८४ पासून ‘पीजी–१३’ ही श्रेणी अस्तित्वात आली. ज्या चित्रपटामुळे ती निर्माण झाली, त्याच्यावर मात्र ‘पीजी’ हीच मुद्रा कायम राहिली.

चिन्हाचे मूल्य त्याच्या शेजारच्या चिन्हांनी ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे अक्षरशः लागू पडतो. १९८४ च्या पूर्वीचे ‘पीजी’ आणि नंतरचे ‘पीजी’ ही अक्षरे एकच असली, तरी पहिल्याचे क्षेत्र अधिक विस्तृत होते. भारतातही १९५२ च्या कायद्याखाली ‘यू’ आणि ‘ए’ या दोनच श्रेणी होत्या. १९८३ मध्ये ‘यूए’ आली आणि २०२३ च्या दुरुस्तीने तिचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन विभाग झाले. म्हणून १९६० च्या चित्रपटावरील ‘यू’ या अक्षराचा अर्थ ‘केवळ प्रौढांसाठी नव्हे’ एवढाच घेणे सुरक्षित ठरते. जुनी श्रेणी वाचताना त्या काळची संपूर्ण श्रेणीव्यवस्था वाचावी लागते. ब्रिटनमध्ये हाच चित्रपट १९८४ साली काटछाट करून ‘पीजी’ ठरला. २०१२ साली तो अखंड स्वरूपात बारा वर्षांच्या श्रेणीत मान्य झाला.

श्रेणी प्रामुख्याने भीती, हिंसा, अश्लीलता यांचे मोजमाप करते; अज्ञानाचे करीत नाही. या चित्रपटातील कथा १९३५ च्या भारतात घडते. राजवाड्यातील मेजवानीत पाहुण्यांपुढे जिवंत सर्प आणि माकडाचा मेंदू येतो. कालीची उपासना व ठगांचा पंथ यांची एकच भेसूर आकृती बनविली जाते. चित्रीकरण श्रीलंकेत झाले आणि भारतीय म्हणून दाखविलेल्या गावातील माणसे सिंहली बोलतात. अमरीश पुरी यांच्या मोलारामाच्या तोंडी मात्र हिंदी वाक्ये येतात. ज्या प्रेक्षकाला या दोन्ही भाषा परक्या, त्याला हा भेद कळणार नाही. त्याच्या लेखी दोन्ही केवळ ‘परकी भाषा’ ठरतील. हृदयाच्या दृश्याने बसलेला धक्का काही काळाने ओसरू शकतो, शिवाय त्या दृश्याचा खोटेपणा मुलाला समजावून देता येतो. मेजवानीचे दृश्य विनोदाच्या रूपाने येत असल्यामुळे त्याविषयी प्रश्नच उपस्थित होत नाही. आणि ते माहिती म्हणून मनात राहण्याचा संभव अधिक असतो.

तेव्हा जुन्या साहसपटाविषयी निर्णय करताना तीन गोष्टी पृथक् ठेवाव्यात : श्रेणी कोणत्या व्यवस्थेत दिली गेली; दृश्याची तीव्रता त्या विशिष्ट मुलाला सोसेल काय; आणि चित्रपट ज्या समाजाविषयी बोलतो, त्याचे अन्य ज्ञान मुलापाशी आहे काय. पहिलीचे उत्तर इतिहासातून मिळते, दुसरीचे मुलाच्या परिचयातून. तिसरीचे उत्तर नकारार्थी असेल, तर चित्रपट वर्ज्य करण्यापेक्षा तो मुलासह पाहणे व नंतर त्याविषयी बोलणे अधिक हितकर. ‘पालकांचे मार्गदर्शन’ या शब्दांचा मूळ अर्थही तोच आहे. प्रमाणपत्रावरील अक्षरे मुलासमवेत बसू शकत नाहीत.