जीपचा मंद दिवा

गेल्या श्रावणात सूनबाईंस प्रसूतीसाठी रात्रीच रेवदंड्याहून अलिबागेस न्यावे लागले. घरच्या जुन्या जीपचा डावा दिवा काजव्यासारखा मिणमिणत होता; चौलच्या वळणांवर आमचा जीव टांगणीस लागला.

नातीच्या बारशानंतर चिरंजीवांनी नवा बल्ब बसविला, व्यर्थ! उजवा दिवा लख्ख, म्हणजे बॅटरी निर्दोष. दिव्याकडे वीज तारेने जाते, परतते मात्र गाडीच्या लोखंडी अंगातून. या जोडणीस मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. (आम्हां संस्कृतवाल्यांस हा अर्थ नवाच!) खाऱ्या वाऱ्याने तोच सांधा गंजला होता. बॅटरीच्या ऋण टोकापासून, जे आमच्या गाडीत अंगास जोडलेले आहे, एक तार दिव्याच्या अर्थच्या तारेस टेकविताच उजेड पडला. मग दिवे बंद करून सांधा चकाकेपर्यंत घासला, स्क्रू आवळला व वरून ग्रीस चोपडले.