जुनी मोटारसायकल आणि नव्या मॉडेलचा हेडलाइट

येझदी आणि यामाहा आरएक्स 100 या दोन्ही मोटारसायकलींचे उत्पादन 1996 मध्ये थांबले, तरी त्या गाड्या आणि त्यांच्याही आधीच्या बुलेट आजही हौसेने जपल्या व चालवल्या जातात. मात्र अंधाऱ्या रस्त्यावर त्यांचा मूळचा दिवा अपुरा पडतो, अशी बहुतेक मालकांची तक्रार असते आणि त्यावर उपाय म्हणून एखाद्या नव्या मॉडेलचा डूम, म्हणजे काच, परावर्तक व बल्ब यांचा एकत्रित संच, जुन्या गाडीवर चढवला जातो. हा बदल वरवर दिसतो तितका साधा नसतो. कारण नवा दिवा जागेवर बसतो का, गाडीची वीजव्यवस्था त्याला पेलते का आणि त्याचा झोत समोरून येणाऱ्याला सहन होतो का, हे तीन निरनिराळे प्रश्न असून त्यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्यावरून मिळत नाही.

यांपैकी पहिला प्रश्न मोजमापाचा आहे. गोल हेडलाइटचे 7 इंच आणि पावणेसहा इंच असे दोन व्यास जगभर रूढ असल्याने 7 इंची दिव्याच्या गाडीवर त्याच मापाचा दुसरा दिवा बसण्याची शक्यता बरीच असते. परंतु व्यास जुळला तरी खोली जुळेलच असे नाही. जुन्या बुलेटच्या हेडलाइटमागील पोकळीत अ‍ॅमीटर आणि वायरींचा जुडगा असतो, तर एलईडी दिव्याच्या पाठीमागे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा जाड भाग असतो, आणि दोन्हींना ती जागा पुरत नाही. चौकोनी किंवा व्हायझरसह येणाऱ्या डूमसाठी पुढच्या फोर्कवर वेगळ्या पट्ट्या लावाव्या लागतात. त्या लावल्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल किंवा वायर कुठे ताणली जात नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न विजेचा असून बहुतेक जोडण्या इथेच फसतात. पुष्कळ जुन्या जावा-येझदी गाड्यांची वीजव्यवस्था 6 व्होल्टची आहे, त्यामुळे 12 व्होल्टचा दिवा त्यांवर मंदच जळतो. व्यवस्था 12 व्होल्टची असली तरी दिव्याची भूक महत्त्वाची ठरते. एच 4 या प्रचलित हॅलोजन बल्बचा अप्पर 60 वॉटचा आणि डिप्पर 55 वॉटचा असतो, म्हणजे अप्परला तो सुमारे 5 अँपिअर प्रवाह ओढतो. याउलट अनेक लहान मोटारसायकली 35 वॉटच्या बल्बसाठी घडवलेल्या असून त्यांचा प्रवाह 3 अँपिअरच्या आत राहतो. एवढा वाढीव भार जुन्या बारीक वायरींवर आणि झिजलेल्या स्विचवर पडला की ते तापतात, वाटेतच व्होल्टेज गळते आणि हॅलोजन दिव्यात व्होल्टेज एक दशांशाने घटल्यास प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. यावरचा उपाय म्हणजे रिले, म्हणजे लहान प्रवाहाने चालणारे असे स्विच, की ज्यामुळे दिव्याचा मोठा प्रवाह हँडलवरील स्विचमधून न जाता जाड वायरीने थेट दिव्यापर्यंत पोहोचतो.

शंभर सीसीच्या अनेक जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर चालतो. सिग्नलला गाडी थांबली की दिवा मंदावतो, तो यामुळेच. एलईडी हा एकाच दिशेने प्रवाह वाहू देणारा घटक असल्याने अशा गाडीवर तो लुकलुकतो किंवा लवकर निकामी होतो. म्हणून जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन कॉइलचे चेसिसला जोडलेले टोक सोडवून पूर्ण तरंगाचा रेक्टिफायर बसवतात आणि सगळा भार बॅटरीमार्फत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर आणतात. तसे केल्यावरही अडीच अँपिअर-तासाची छोटी बॅटरी 60 वॉटच्या बल्बला स्वतःच्या बळावर जेमतेम अर्धा तास पुरेल, हे हिशेबात धरावे लागते. एलईडी दिवा तुलनेने कमी वीज खातो, हाच या बाबतीत त्याचा खरा फायदा आहे.

तिसरा प्रश्न झोताचा आहे आणि तो सर्वांत दुर्लक्षित राहतो. बल्बमधील तंतू परावर्तकाच्या नाभीशी नेमक्या ठिकाणी असला, तरच प्रकाशाला हवा तो आकार मिळतो. एच 4 बल्बमध्ये डिप्परच्या तंतूखाली धातूची लहान वाटी असते. ती परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे प्रकाश जाऊ देत नाही, त्यामुळे झोत वर न उधळता खाली रस्त्यावर पडतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब घातल्यास प्रकाशाचा उगम त्या बिंदूपासून सरकतो आणि रस्ता उजळण्याऐवजी समोरच्याचे डोळे दिपतात. जुन्या दिव्यांत प्रकाश पसरवण्याचे काम काचेवरील उभ्या रेषा करतात, तर नव्या दिव्यांत ते परावर्तकाच्या पैलूंकडे असते. म्हणून जुन्या परावर्तकावर नुसती गुळगुळीत काच चढवणे ही घोडचूक ठरते. परदेशातून मागवलेल्या काही दिव्यांचा डिप्पर उजव्या बाजूला उंचावलेला असतो, जो भारतात, जिथे वाहने डावीकडून चालतात, थेट समोरच्या वाहनावर जातो.

कायद्याचा रोखही याच मुद्द्यावर आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, तर 1989 च्या केंद्रीय नियमांमधील नियम 106 पुढचा प्रकाश खाली वळलेला आणि समोरच्याला न दिपवणारा असावा, असे सांगतो. त्यामुळे नवा दिवा बसवल्यावर स्वार गाडीवर बसलेला असताना, सुमारे 10 मीटरवरील भिंतीवर डिप्परची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा निदान 10 सेंटिमीटर खाली येईल, अशी मांडणी करून घ्यावी.

जुन्या गाडीचा प्रकाश कमी होण्यामागे दिव्याच्या जुनाट रचनेपेक्षा गंजलेला परावर्तक, सैल अर्थिंग आणि व्होल्टेजची गळती ही कारणे अनेकदा अधिक असतात. म्हणून मालकांनी प्रथम बल्बच्या टोकांशी मिळणारे व्होल्टेज मोजून घ्यावे, वायरिंग व परावर्तक दुरुस्त करावेत आणि त्यानंतरही उजेड अपुरा वाटला, तरच दुसऱ्या मॉडेलच्या डूमवर पैसे खर्चावेत.