न वितळलेली काच

भिलाईतल्या पोरांची काचेशी खरी ओळख स्लॅगमुळे होते. रात्री ही धातुमळी ओतली की सेक्टरांवरचं आभाळ तांबूस व्हायचं आणि आम्ही अंगणातल्या बाजेवरून ते बघत पडायचो. बाबा ब्लास्ट फर्नेसवर होते. एकदा त्यांनी निववलेल्या मळीचे चार खडे माझ्या तळहातावर ठेवले. फिकट, हलके, कडेला बोचणारे. मळी सावकाश निवली तर तिचा दगड होतो, पाण्याच्या माऱ्याने झटक्यात निववली तर तिची काचेरी वाळू होते आणि ती सिमेंटला जाते. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, ‘कणांना रांगेत उभं राहायला सवडच मिळाली नाही, की काच होते.’

आठवीच्या उन्हाळ्यात मामाकडे मेहकरला गेलो, तेव्हा एसटीने लोणारला जाऊन तिथलं गोल विवर आणि त्यातलं तळं बघून आलो. विवराच्या काठावरच्या पायवाटेवर बाबांना एक काळा, फसफसून गोठल्यासारखा खडा सापडला. त्यांनी तो उन्हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘ही तर मळीच. पण इथे भट्टी कुणाची?’ तो प्रश्न पुढची तीस वर्षं माझ्या डोक्यातून गेला नाही.

या विवराची एक कथा सांगतात, लवणासुराची. विष्णूने दैत्यसूदन होऊन अंगठ्याने विवराचं झाकण उडवलं आणि आतल्या असुराला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर त्याचीच आठवण सांगतं. ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे, ती इथे काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो म्हणून. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराकडे युरोपीय अभ्यासकांचं लक्ष वेधलं. तिथून दीडशे वर्षं वाद चालला.

भूशास्त्रज्ञांचा पहिला अंदाज ज्वालामुखीचा होता, आणि तो साहजिकच होता. सगळं दख्खनचं पठार लाव्ह्याचं, मग त्यातलं गोल भोक दुसऱ्या कशाचं असणार? पण हिशेब जुळत नव्हता. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर हे विवर त्या मानाने कालपरवाचं. जवळजवळ १८३० मीटर रुंद, दीडशे मीटर खोल, काठावरचे थर बाहेरच्या बाजूला उचलले गेलेले. आणि एवढा स्फोट होऊनही ताज्या लाव्ह्याचा ओघळ कुठेच नाही. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्ती यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लोणारवर सविस्तर लिहिलं, तरी कारण जमिनीखालच्या ज्वालामुखी शक्तींमध्येच शोधलं.

या वादातला सर्वांत चटका लावणारा माणूस मात्र लोणारचा नव्हे, अमेरिकेचा. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट. चंद्रावरचे खड्डे आघाताचे आहेत, असं १८९०च्या दशकात ठामपणे मांडणारा हा माणूस ॲरिझोनातल्या विवराशी आला आणि तिथे फसला. जमिनीत लोखंडी उल्का गाडली गेली असेल तर चुंबकसूची विचलित व्हायला हवी, म्हणून त्याने मोजणी केली. सूची हलली नाही. मग त्याने वाफेच्या स्फोटाचा पक्ष घेतला आणि १८९६ साली लाव्हारसाविना झालेल्या अशाच विवराचा दाखला म्हणून लोणारकडे बोट दाखवलं. एका न सुटलेल्या कोड्याला दुसऱ्या न सुटलेल्या कोड्याचा आधार! आदळताक्षणी उल्केचा बहुतेक भाग उडून नष्ट होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी गिल्बर्टला दोष देत नाही. त्याने मोजून पाहिलं, आणि मोजमापाने दाखवलं ते मानलं.

कोडं सुटलं ते काचेमुळे. १९७२ साली व्ही. के. नायक यांनी लोणारच्या काचेरी खड्यांवर निबंध लिहून ते आघाताचा संभाव्य पुरावा असल्याचं मांडलं. बाबांच्या हातातला खडा तोच! पण नुसत्या काचेवर वाद मिटत नाही, काच ज्वालामुखीही करतो. हवी होती ती भट्टीशिवाय झालेली काच.

तिचा माग बिहारात लागतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गयेजवळच्या शेरघाटीत एक उल्का पडली. व्हिएन्नाच्या चेरमाकने १८७२ साली तिच्यात एक चमत्कारिक पदार्थ पाहिला. घडण प्लॅजिओक्लेज या नेहमीच्या खनिजाची, बाह्य आकारही स्फटिकाचाच. पण ध्रुवित प्रकाशात कसाही फिरवा, काळाच दिसणार. म्हणजे आतून काच. त्याला मॅस्केलिनाइट हे नाव मिळालं, पण तो कसा होतो याचं उत्तर मिळायला नव्वद वर्षं लागली. १९६३ साली डॅनियल मिल्टन आणि पॉल डी कार्ली यांनी गॅब्रो या खडकाला स्फोटकांचा हादरा दिला आणि मॅस्केलिनाइट प्रयोगात तयार करून दाखवला. हादरा इतका जबर की स्फटिक वितळण्याआधीच त्याच्या आतली रचना मोडते. रांगा उधळतात, साचा जागच्या जागी राहतो. ज्वालामुखीला हे साधत नाही.

आता पुढचा योग पाहा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारच्या तळात छिद्रं पाडली. गाळाखाली भरडलेला बेसॉल्ट आला आणि त्यात मॅस्केलिनाइट होता. १९७३ साली ‘सायन्स’मध्ये निबंध निघाला, लेखक फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम. यातला मिल्टन तोच, दहा वर्षांपूर्वी हादऱ्याने काच करणारा! बेसॉल्टमधलं तेव्हा ज्ञात असलेलं हे पृथ्वीवरचं एकमेव आघात विवर ठरलं, आणि इथले काचेचे बारीक गोळे अपोलो यानांनी आणलेल्या चंद्रावरच्या नमुन्यांशी जुळले. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा गावोगाव चर्चा झाली. ते काम खाऱ्या पाण्यातल्या रंगीत सूक्ष्मजीवांचं निघालं आणि काही आठवड्यांत उलगडलंही. माझ्या लेखी खरं नवल त्या काळ्या खड्याचंच.

एक भांडण अजून चालू आहे. १९९७ साली तप्तदीप्ती पद्धतीने विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं. २०११ साली वितळलेल्या खडकांतल्या आरगॉनवरून ५ लाख ७० हजार. अकरा पटींचा फरक. मला दुसरा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो आघातातच वितळलेल्या दगडावर मोजला आहे. पण शेवटचा शब्द आणखी नमुन्यांनीच ठरेल, आणि ते नमुने काठावरच्या शेतांत, पायवाटांवर उघडे पडलेले आहेत.

बाबांनी तो खडा तेव्हा होता तिथेच परत ठेवला होता. तुम्ही लोणारला गेलात, तर तसंच करा. उन्हात फिरवून बघा, आणि जागच्या जागी ठेवा.