कडुनिंबाचा दुसरा प्रसाद

वर्षप्रतिपदेस गुढीचे पूजन झाले, की आपण कडुनिंबाच्या कोवळ्या पानांचा गूळ-जिऱ्यासह वाटलेला प्रसाद मुखी घालतो. त्या वृक्षाचे स्मरण मात्र बहुधा तेथेच संपते. ज्येष्ठ-आषाढात त्याच्या तळी निंबोळ्यांचा सडा पडतो. तो आपण केर म्हणून झाडून टाकतो.

या केराचे सामर्थ्य १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दिसून आले. निंबोळीच्या मगजाचे पाणी शिंपडलेल्या पिकांवर टोळ उतरले, परंतु त्यांनी पिकास तोंड लावले नाही.

वाळल्या निंबोळ्यांची ५ किलो भुकटी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, १०० लिटर पाणी केले की अर्क सिद्ध होतो. त्यातील अझाडिरॅक्टिनमुळे अळ्या खाणे सोडतात, त्यांचे कात टाकणे अडते. उन्हात ते द्रव्य टिकत नाही. म्हणून फवारणी सायंकाळी, अळ्या लहान असतानाच करावी. तेल काढून उरलेली पेंडही मुळांवरील सूत्रकृमींस आवर घालते.

यंदा प्रसाद घेताना आपण एवढा संकल्प करू या: अंगणातील निंबोळ्या वेचून, वाळवून शेतकऱ्याच्या हाती देऊ. ज्या शेतातून आपले अन्न येते, त्या शेतासही वर्षारंभीचा हा प्रसाद पोहोचावा.