दिवा विझला तरी ऑटो जागाच

माथेरानच्या पायथ्याला, नेरळ ते कर्जत या पट्ट्यात, उल्हास नदीकाठच्या भाजीपाल्याला मोटारीचाच आधार. शेतीची थ्री फेज लाईट मोजके तास, तीही कधी रात्रीची. म्हणून स्टार्टरशेजारी ऑटोचा डबा लावला जातो. एक बटण, दोन-तीन बारीक दिवे. नव्या डब्यांत नखाएवढी मायक्रोकंट्रोलर चिप असते आणि सगळा कारभार तीच पाहते.

ही चिप कायम कुठल्या तरी एकाच अवस्थेत असते. थांबलेली, लाईट आल्यावर वाट पाहणारी, मोटार चालवणारी, नाहीतर बिघाड धरून बसलेली. काही घडल्याशिवाय ती अवस्था बदलत नाही. लाईट आली, ठरलेले सेकंद संपले, एक फेज गेला, बटण दाबले, की ती आधी आपण कुठल्या अवस्थेत आहोत ते बघते आणि मग पुढचे पाऊल टाकते. त्यामुळे बटण एकच असले तरी काम वेगवेगळे. चालू मोटार त्याने बंद होते. बिघाडात मात्र बऱ्याच डब्यांत पहिल्या दाबाला नुसता बिघाड पुसला जातो. आपला माणूस "डबा गेला" म्हणून दणादण बटण दाबत सुटतो! बटणाचे पत्रे दाबताना थरथरतात, एका दाबाचे दहा दाब होतात. ते धरले जाऊ नयेत म्हणून चिप क्षणभर थांबून खात्री करते. तेव्हा आधी दिवा बघावा. लुकलुकतो म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीच्या डब्याला वेगळे असते. वायरमनकडून समजून घेऊन दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवावे.

खरा धोका लाईट गेल्यावर असतो. सगळे दिवे विझतात, मोटार थांबते आणि माणूस फुटव्हॉल्व्हचा कचरा काढायला पाण्यात उतरतो. पण कळ ऑटोवरच असते. लाईट येताच काही सेकंदांत मोटार सुरू, वायर कुठे सोललेली असेल तर पाण्यात करंट. अशा वेळी बटणावर विसंबू नये. मेन स्विच पाडून किटकॅट काढावेत, खिशात घालावेत, मगच पाण्यात पाय टाकावा.

दुसरी गोष्ट डीपीची. लाईट आली की सगळे ऑटो एकदम मोटारी उठवतात, व्होल्टेज पडते, डीपी जळतो. म्हणूनच ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते. जिथे अजून ऑटो आहेत, तिथे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाची वाट पाहण्याची वेळ वेगळी लावून घ्यावी. बहुतेक डब्यांत ती बदलता येते.