मुंबईला केंद्रं किती? आधी मोजायचं काय ते ठरवा

'बहुकेंद्री महानगर' हा शब्द शोधप्रस्तावात पटकन लिहिला जातो. शहर एकाच केंद्राभोवती वाढत नाही, हे हॅरिस आणि उलमन यांनी 1945 मध्येच मांडलं होतं. खरी गोची पुढे आहे: केंद्र म्हणायचं कशाला?

मुंबईचंच बघा. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या पलीकडे गेल्या की खासगीही जातील, असा हिशोब होता. पण मंत्रालय जागचं हललं नाही, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटच्या भरावावर टॉवर चढत राहिले. घाऊक बाजार तेवढे वाशीला गेले. लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचायला 1992 उजाडलं! दरम्यान अंधेरीत सीप्झ आलं. 1982 च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जागी लोअर परळला काचेच्या इमारती आल्या, आणि खाडीकाठच्या दलदलीत एमएमआरडीएने वांद्रे-कुर्ला संकुल उभारलं. बेलापूरच्या तर नावातच 'सीबीडी' आहे; लोअर परळ केंद्र व्हावं म्हणून कुणी वसवलं नव्हतं. तरी सकाळी गर्दी कुठे उतरते ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून आराखड्यातलं नाव हा पुरावा नव्हे. ज्युलिआनो आणि स्मॉल यांनी लॉस एंजेलिससाठी 1991 मध्ये सरळ कसोटी लावली: सलग भागात एकरी किमान 10 नोकऱ्या आणि एकूण किमान 10,000. त्यांना 32 केंद्रं सापडली. हाच आकडा मुंबईला लावू नका. इथल्या घनतेत निम्मं शहर 'केंद्र' ठरेल. उंबरठा स्थानिक हवा, आणि तो बदलल्यावर उत्तर किती हलतं तेही दाखवायला हवं.

शिवाय नोकऱ्यांची गर्दी ही एक गोष्ट, आणि माणसं कुठून कुठे जातात ही दुसरी. कचेऱ्यांचे पाच पुंजके असूनही सगळ्या गाड्या सकाळी एकाच दिशेला भरून जात असतील, तर प्रदेश दिसायला बहुकेंद्री, वागायला एककेंद्रीच.

इथेच आपला डेटा अडतो, आणि बरेच जण नेमके इथेच घसरतात. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, काम करतो तिथे नाही. तिच्यातली 'कामगारसंख्या' घेऊन रोजगार-केंद्रं काढलीत, तर नकाशावर डोंबिवली झळकेल. कामाच्या जागेसाठी आर्थिक गणना बघा, पण शेवटची प्रसिद्ध गणना 2013 ची, सहावी आहे. प्रवासासाठी 2011 च्या जनगणनेचे बी-28 तक्ते आहेत. त्यांत कामाच्या जागेचं अंतर मिळतं, प्रवासाचं साधन मिळतं, दिशा मात्र मिळत नाही. वाशीचा माणूस वीस किलोमीटरवर जातो एवढं कळेल, पण फोर्टकडे की पनवेलपलीकडे, हे कळणार नाही. त्यासाठी घरोघरचं प्रवास-सर्वेक्षण लागतं. ते मिळतंय का, हे विषय नोंदवण्याआधीच बघा.